पाण्याच्या दिवशीच्या पेशी

१८ एप्रिल २०२४
देवळाई, छत्रपती संभाजीनगर

प्रांजली,

तुझं द्रव्य कॅन्सरच्या पेशींना गप्प करत नाही. काल दुपारी डॉ. खंडेराव यांनी संदेशाच्या पट्ट्या उजेडासमोर धरून पाहिल्या, कुठली काळी, कुठली कोरी, आणि पट्ट्या काढणाऱ्या विशाखाला विचारलं, "नळ्यांवरचे क्रमांक इकडचे तिकडे नाही ना झाले?" ती नाही म्हणाली. मग चष्मा काढून ते म्हणाले, "यात काही नाही हो, सत्यशीलाताई. औषध घाला, न घाला, सारखंच."

खंडेराव हे शेंद्र्याच्या आमच्या तपासणी प्रयोगशाळेचे प्रमुख. रुग्णांवर चाचणी सुरू करण्याआधी बाहेरच्या कुणाकडून खात्री करून घ्यावी म्हणून तुझ्या हैदराबादच्या कंपनीनं जे पाकीट पाठवलं, ते त्यांच्याकडे आलं आणि त्यांच्याकडून माझ्या टेबलावर. पाकिटावर नाव नव्हतं, नुसता क्रमांक होता. नियमच तसा आहे.

तरी मी ओळखलं. कृतीच्या कागदावर सूचना होती : द्रव्य दिलेल्या पेशींचा मीडिया, म्हणजे त्यांचं खाद्य, तीन दिवस बदलू नये, न दिलेल्या पेशींना ताजा द्यावा. जगाच्या पाठीवर ही सूचना एकाच ठिकाणी जन्माला येऊ शकते. आपल्या जुन्या संस्थेत, पंधरा सालच्या दुष्काळात.

तुला आठवत नसेल तर आठवण करून देते. नळाला पाणी आठवड्यातून एकदा यायचं. पाणी गाळायचं ते काचेचं यंत्र एक बाटली शुद्ध पाणी द्यायला दहा बाटल्या गटारात सोडायचं, म्हणून ते पाण्याच्या दिवशीच चालायचं. त्याच दिवशी पेशींचा ताजा मीडिया तयार व्हायचा. जेमतेम. तो आधी कुणाला? आपल्या प्रयोगशाळेचे सर फेरीवर आले की ज्या पेशी त्यांना दाखवायच्या, त्यांना. म्हणजे औषध न दिलेल्या. औषध दिलेल्या शिळ्यावर राहायच्या. टंचाईतली काटकसर होती ती. तू तिची पद्धत केलीस, पद्धतीचा शोधनिबंध केलास, आणि शोधनिबंध घेऊन हैदराबादला गेलीस. तिथं नळाला रोज पाणी असेल. तरीही तिथली मुलं इमानेइतबारे पेशी उपाशी ठेवतात आणि इमानेइतबारे तुझा निकाल येतो.

मी दोन्हीकडे सारखं वाढलं. एका रांगेत द्रव्य दिलेल्या, न दिलेल्या दोघींना ताजं, दुसरीत दोघींना शिळं. ताज्यात दोघींचा वाढीचा संदेश चालू, तिसऱ्या दिवशीच्या शिळ्यात दोघींचा बंद. जे गप्प केलं ते भुकेनं आणि दाटीनं, तुझ्या द्रव्यानं नाही. आणखी एक रांग लावली होती. तिच्याविषयी आत्ता काही सांगायची माझी इच्छा नाही.

माझा नंबर तू बंद करून ठेवला आहेस, म्हणून पत्र. अहवालाआधी तुला कळवणं नियमात बसत नाही. तुला लिहिते आहे हे मी खंडेरावांना सांगितलेलं नाही. तुमची बैठक २७ मेला आहे. तोवर हे तुला माहीत असावं आणि तुझ्या ऑफिसात दुसऱ्या कुणालाही माहीत नसावं, एवढीच माझी इच्छा आहे.

सत्यशीला


३० एप्रिल

प्रांजली,

आईला फोन करून रडलीस म्हणे. मला लिहायचं सोडून आईला.

टँकर यायची वेळ होती. आमच्या सोसायटीत टँकर आला की पारावर येतात तशी माणसं खाली येतात. बायपासपासून इथपर्यंत नुसते मजले चढलेत. प्रत्येक इमारतीच्या फलकावर कारंजं काढलेलं आहे, आणि खाली आम्ही बादल्या घेऊन उभे. आई मला पाइप धरायला लावून म्हणाली,

"ल्हानीला कशापायी छळायलीस?"

"छळत नाही. तिचं काम तपासलं."

"आपल्या माणसाला तपासत्यात व्हय? ती काय सून हाय का?"

शेजारच्या आवडाबाई हसल्या. आईला प्रेक्षक मिळाला की ती थांबत नाही, तुला माहीत आहे.

"अन् ते पेशीचं काय ते नीट सांग. ती रडत रडत सांगत व्हती, मला एक अक्षर कळलं नाय."

मग सांगितलं. म्हटलं, वरातीतला डीजे असतो ना. बटण दाबलं की वाजतो, सोडलं की बंद. आपल्या अंगातल्या पेशींना असंच वाढायचा हुकूम मिळतो आणि थांबतो. कॅन्सरच्या पेशीत रास नावाचं एक बटण बिघडतं आणि दाबलेलंच राहतं. मग सारखं वाढ, वाढ, वाढ.

"मंग?"

"प्रांजली म्हणते, माझ्या औषधानं डीजे बंद पडला."

"अन् तू?"

"मी म्हणते, त्या दिवशी लाईट गेली होती."

आई खळखळून हसली. बटण अडकलेलं असलं तरी डीजेला वीज लागतेच, हे तिला लगेच पटलं. बिघडलेलं जनुक आहे म्हणजे संदेश कायमचा चालू, असं आपल्या सरांनी आपल्याला शिकवलं होतं. पेशींची दाटी किती, खाद्य किती ताजं, बसायला जागा कडक की मऊ, यांवर तोच संदेश चढतो आणि उतरतो, हे मी त्यांना दाखवत होते तेव्हा ते घड्याळ बघत होते. तू त्यांच्या शेजारी बसली होतीस.

हसून झाल्यावर आईला हसल्याचा राग आला. "दोघी बी येड्या. लोक बांधावरून भांडत्यात, तुमी बाटलीवरून. लाईट गेली तर गेली. ल्हानी हाय ती, चुकली आसंल."

"चुकली नाही, आई."

"मंग काय केलं तिनं?"

ते मी सांगितलं नाही. तू तिला काय सांगितलंस ते मात्र तिनं मला सांगितलं : अक्काला म्हण, मागचं विसर. असा निरोप आईच्या तोंडी पाठवलास, कारण तिला मागचं माहीत नाही. जुन्या संस्थेतल्या समितीचा तो ठराव तिच्यासमोर ठेवला असता तर तिला वाचता आला नसता. मी तिला तो कधी वाचून दाखवला नाही. तुझ्या लग्नात मी आले, अक्षता टाकल्या आणि जेवून गेले, ते याच कारणानं चाललं.

तो निरोप मला पोचला आहे. उत्तर तुलाच देते, आईमार्फत नाही. विसरले नाही.

सत्यशीला


१४ मे

प्रांजली,

तुझं कुरिअर काल, मतदानाच्या दिवशी आलं. पोरगा शाईचं बोट दाखवत पाकीट देऊन गेला. दोन पानं आहेत आणि त्यात एकदाही चूक हा शब्द नाही. "तत्कालीन मर्यादा" आहे. "पाण्याची परिस्थिती" आहे. आणि शेवटी : "अक्का, तुला नक्की काय पाहिजे?"

त्याआधी तू स्वतःच अंदाज बांधले आहेत. कंपनीत सल्लागार म्हणून जागा. पुढच्या शोधनिबंधात माझं नाव. मी एवढंच वाचून दाखवलं तेव्हा विशाखा म्हणाली, "घ्या की ताई, हैदराबादची बिर्याणी तरी मिळेल." तिला वाटलं, कुण्या कंपनीनं मला बोलावलंय. मी तिला तसंच वाटू दिलं.

आणि मग ती धमकी. खंडेरावांना कळवशील, की तपासणारी बाई तुझी सख्खी बहीण आहे. कळव. पाकीट उघडलं, सूचना वाचली आणि त्याच क्षणी मी त्यांच्या खोलीत जाऊन सांगितलं. म्हणून तर पट्ट्या विशाखा काढते. कोणत्या नळीत काय आहे हे तिला माहीत नसतं आणि तिच्या हाताखाली काय चाललंय ते मला. खंडेराव तेव्हा म्हणाले होते, "बहीण आहे तर हात सैल नका सोडू." मी म्हणाले, "त्याची काळजी नको."

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. त्यासाठी पंधरा सालच्या त्या समितीत जावं लागेल, तुला आवडत नसलं तरी.

मी माझे फ्लास्क पाच दिवस ठेवायचे. रासवाल्या पेशी, दाटीत, मीडिया न बदलता. तिसऱ्या दिवशी त्या गप्प व्हायच्या, तुझ्यासारख्याच. पण मी थांबायचे. आणि पाचव्या दिवशी संदेश परत चालू व्हायचा. भुकेल्या पेशींनी दुसरी वाट काढलेली असायची. मी तुला तेव्हाच इन्क्युबेटरपाशी सांगितलं, की प्रांजली, तुझ्या पेशी औषधानं गप्प नाहीत, भुकेनं आहेत, आणि पाचव्या दिवसापर्यंत ठेवल्यास तर काय होईल याचा भरवसा नाही. तू म्हणालीस, "बघते." आणि आठवड्यानं आपलं काम बघायला समिती बसली.

त्या वर्षी सोयगावकडं गवताची काडी नव्हती, म्हणून बाबांनी मेंढरं गंगापूरकडं आणली होती, उसाच्या तुटलेल्या फडांत बसवायला. मी रविवारी जीपनं भाकरी घेऊन जायचे. तू येत नव्हतीस, तुझा अभ्यास असायचा. मला त्याचं कधी काही वाटलं नाही.

समितीत तू उभी राहून म्हणालीस, "सर, ती दर रविवारी मेंढरांत बसून येते. तिच्या फ्लास्कमध्ये पाचव्या दिवशी दिसतं ते संदेशाचं परत येणं नाही. ते जंतू आहेत. जवळ उभं राहिलं तरी वास येतो."

कुणीतरी हसलं. सरांनी खिडकी उघडायला सांगितली. गंमत म्हणून की खरंच, ते मला अजून कळलेलं नाही.

प्रांजली, ती मेंढरं तुझीही होती. त्यांच्या अंगावरच्या लोकरीची घोंगडी पांघरून आपण दोघी वाढलो. बाहेरच्या कुणी हे म्हटलं असतं तर तू त्याचा गळा धरला असतास. पण हे तुझ्याशिवाय कुणाला सुचलंच नसतं, कारण मी रविवारी कुठं जाते ते त्या खोलीत तुलाच माहीत होतं.

माझे फ्लास्क माझ्यासमोर ब्लीचमध्ये ओतले. करार वाढवला नाही. ठरावात कारण लिहिलं : पेशी दूषित करणं आणि त्यामुळे सहकाऱ्याचं काम धोक्यात आणणं. सहकारी म्हणजे तू.

मी घरी काही सांगितलं नव्हतं. पण गाव ते गाव. कुणाकडून तरी बाबांच्या कानावर गेलं. गंगापूरला फडात बसलेले असताना त्यांनी विचारलं, "बाई, आमच्यामुळं गेली व्हय नोकरी?" मी म्हटलं, "नाही बाबा, तिथलं कामच संपलं." त्यांचा विश्वास बसला नाही, पण आईला त्यांनी हे कधी कळू दिलं नाही. त्यानंतर ते माझ्याकडं आले, की खालच्या नळावर हातपाय धुवायचे, पिशवीतलं दुसरं धोतर नेसायचे आणि मगच उंबरा ओलांडायचे. नळाला पाणी नसलं तर दारात बसून चहा प्यायचे आणि परत जायचे. मी हाताला धरून आत ओढलं तरी यायचे नाहीत. "नगं बाई, तुझं काम काचंचं," म्हणायचे.

तुझ्या घरी मात्र ते आहे तसे यायचे. तू तसं आईला मोठ्या अभिमानानं सांगितलंस, बाबा गेले त्या वर्षी. मी तिथंच बसले होते.

मला तुझी जागा नको आणि तुझ्या शोधनिबंधात नाव नको. मला काय पाहिजे ते पुढच्या पत्रात लिहीन. तोवर विचार करत बस.

सत्यशीला


२२ मे

प्रांजली,

अहवाल आज सकाळी गेला. उद्यापर्यंत तुझ्या कंपनीत सगळ्यांना मिळेल. तुला एक दिवस आधी त्यातलं तिसऱ्या रांगेचं सांगते.

तिसऱ्या रांगेत मी दोन्हीकडच्या पेशी दाटीत ठेवल्या, मीडिया कुणाचाच बदलला नाही, आणि तिसऱ्या दिवशी थांबले नाही. पाचव्या दिवशी द्रव्य न दिलेल्या पेशींची पट्टी काळीभोर उमटली. संदेश परत आला होता, पंधरा साली यायचा तसाच. द्रव्य दिलेल्या पेशींची पट्टी कोरी होती. विशाखानं दोनदा पुन्हा केलं. तेच. जंतू आहेत का ते तपासायला ताटल्या लावल्या, त्या स्वच्छ. खंडेराव पट्टी हातात घेऊन म्हणाले, "हे गाठीच्या आतल्यासारखं झालं हो. तिथं रक्त पोचत नाही, दाटी असते, पेशी उपाशी. तिथं हे द्रव्य कामाचं असू शकतं."

म्हणजे तुझं द्रव्य पेशींना गप्प करत नाही, पण भुकेनं गप्प झालेल्यांना पुन्हा बोलू देत नाही. ही बातमी तुझ्या फायद्याची आहे. तिची पहिली पट्टी, पहिलं पत्र लिहिलं त्या दिवशी, माझ्या टेबलावर होती.

मी ती मुद्दाम राखून ठेवली. तुला झोप लागू नये म्हणून. आई म्हणते, फोनवर तुझा आवाज बसलाय. मला ते ऐकून वाईट वाटलं नाही.

खंडेरावांना दाखवण्याआधी एकदा मनात आलं होतं, की ही रांग अहवालात घालूच नये. तुमच्या कृतीत पाचवा दिवस नव्हताच, कुणी विचारलं नसतं. कंपनीनं द्रव्य टाकून दिलं असतं आणि तुझी नऊ वर्षं गेली असती. पण त्यात दोन अडचणी होत्या. एक म्हणजे, खरं दिसलेलं लपवायचं काम मी कधी केलं नाही आणि ते मला तुझ्याकडून शिकायचं नाही. दुसरी जास्त महत्त्वाची. तसं झालं असतं तर तू सुटली असतीस. दुष्काळ होता, पाणी नव्हतं, मी लहान होते, असं म्हणाली असतीस आणि लोकांनी मान डोलावली असती. टंचाईतली चूक आपल्याकडं सगळे माफ करतात.

म्हणून सगळं घातलं. आता नीट बघ, तू कुठं उभी आहेस.

तुझं द्रव्य वाचायचं असेल तर पाचव्या दिवशी संदेश परत येतो हे खरं असावं लागेल. परतच येत नसेल तर तुझं द्रव्य अडवतं काय? आणि तुझ्या शोधनिबंधात, पद्धतीच्या भागात शेवटी, तुझंच वाक्य छापलेलं आहे, की पाचव्या दिवसाच्या पेशी जंतूंमुळे दूषित असल्यानं वगळल्या. कंपनीतला कुणीही माणूस विचारेल : बाई, ते जंतू होते की नव्हते?

होते म्हणालीस, तर द्रव्य संपलं. नव्हते म्हणालीस, तर पुढचा प्रश्न येणार, की हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं का. तेव्हाच्या जंतूंच्या ताटल्या तूच लावल्या होत्यास. त्या स्वच्छ होत्या. तू उजेडात धरून बघत होतीस, आणि मी दारातून तुझ्याकडं.

मला काय पाहिजे विचारलं होतंस ना. मला हे पाहिजे. माफीचं पत्र नको, फोन नको, आईजवळ रडणं नको. समितीत उभं राहून बोललीस तसं, माणसांसमोर, उभं राहून सांग. जंतू नव्हते. मेंढरांमुळं काही झालं नव्हतं. हे दुसरं वाक्यही पाहिजे. ते मला कुणी विज्ञान म्हणून मागणार नाही, पण मी मागते आहे, आणि ते नसेल तर पाचव्या दिवसाबद्दल विचारलेल्या एकाही प्रश्नाला मी तुझ्या मदतीला येणार नाही. पेशी का परत बोलू लागतात हे अजून माझ्याइतकं कुणी पाहिलेलं नाही. खंडेरावांनाही ते माहीत आहे.

तुमच्या लोकांनी बैठक इथं, शेंद्र्याला ठेवली आहे, पट्ट्या प्रत्यक्ष बघायला. सोमवारी, अकरा वाजता. तू आणि तुझ्या कंपनीचे दोघं. आमच्याकडून खंडेराव, विशाखा आणि मी. तू आदल्या दिवशी घरी यावंस म्हणून आईनं मला सांगायला सांगितलं आहे. सांगितलं. यायचं असेल तर ये, जेवण असेल, पण त्या विषयावर मी घरात बोलणार नाही.

खंडेरावांनी मला सांगून ठेवलंय, की चहा झाल्यावर ते पहिला प्रश्न जंतूंचाच विचारणार आहेत, आणि तो तुलाच विचारणार आहेत. माझी खुर्ची तुझ्यासमोर असेल. तू माझ्याकडं बघशील, लहानपणी पाढे अडले की बघायचीस तशी. आईला आतलं काही माहीत नाही, तरी तिची खात्री आहे, की तू अडलीस तर मी सांगून टाकीन.

मी बोलणार नाही.

सत्यशीला